यहेज्केलची भाकरी म्हणे शुगर घालवते! अहो, पुढची चार वचनं तरी वाचा

मावशीच्या प्रार्थना ग्रुपवरून एक मेसेज सगळ्या नातेवाइकांत फिरतोय, "बायबलमधला देवाचा डाएट". त्यात म्हणे यहेज्केल ४:९ मध्ये (यहेज्केल या संदेष्ट्याचं बायबलमधलं पुस्तक, अध्याय ४, वचन ९) देवाने स्वतः सुपरफूड भाकरीची रेसिपी दिलीय, ती खाल्ली की शुगर मुळापासून जाते, बायबलमधल्या दानीएलसारखं १० दिवस भाज्यांवर राहिलं की वजन उतरतं, मान्ना (रानात देवाने इस्राएल लोकांना आकाशातून दिलेलं अन्न) म्हणजे इम्युनिटी बूस्टर, आणि शेवटी ठळक अक्षरात: विश्वास असेल तर गोळ्यांची गरज नाही. हे वाचून मावशीने संध्याकाळची गोळी बंद केली म्हणून लिहायला बसलोय, एरवी असले फॉरवर्ड मी न वाचताच डिलीट करतो.

आधी ती भाकरी. गहू, जव, कडधान्य, मसूर, भरड धान्य, खपली हे सगळं एका भांड्यात घाल आणि भाकरी कर असं तिथे लिहिलंय, बरोबर. पण का? यहेज्केल तेव्हा बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात होता आणि यरुशलेमला वेढा पडल्यावर काय हाल होतील ते त्याला स्वतःच्या अंगावर काढून दाखवायचं होतं. ३९० दिवस डाव्या कुशीवर पडून राहायचं, भाकरी रोज २० शेकेल वजनाची, म्हणजे जेमतेम २३० ग्रॅम, आणि पाणी साधारण अर्धा-पाऊण लिटर. वेढ्यात कुठलंच एक धान्य पुरेसं उरत नाही, सगळ्या मडक्यांचे तळ खरवडून जे निघेल ते एकत्र दळायचं, म्हणून ते मिश्रण! आणि १२ वं वचन? ती भाकरी माणसाच्या विष्ठेवर भाजायची. मेसेजवाल्याने हे बरोबर गाळलंय. यहेज्केल याजक, म्हणजे पुरोहित, त्याने गयावया केली की मी आजवर काही अशुद्ध तोंडात घातलं नाही, तेव्हा कुठे शेणाची परवानगी मिळाली. आपल्याकडे गोवऱ्यांवर भाकरी भाजण्यात काही विशेष नाही, पण तिथे ती सूट होती. अर्थही लगेच १३ व्या वचनात दिलाय, की इस्राएल परराष्ट्रांत अशीच अशुद्ध भाकरी खाईल. आणि घडलंही तसंच, इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम पाडलं. न्यायाची आणि उपासमारीची खूण आहे ती, आणि तुम्ही ती नाश्त्याला सुचवताय! शिवाय दुकानात यहेज्केलच्या नावाने मिळणाऱ्या त्या महागड्या ब्रेडमध्ये धान्याला मोड आणलेले असतात, यहेज्केलात मोडांचा म सुद्धा नाही.

आता मान्य करायचं ते करतो. मैद्याच्या पावापेक्षा अख्खं धान्य आणि डाळ यांची भाकरी चांगलीच, शुगर जरा सावकाश चढते. पण चढते! भाकरीत पिष्ट आहेच, ती गोळीची जागा घेणार नाही.

दानीएलचं तर उलटंच आहे. बंदिवान म्हणून नेलेल्या बाबेलच्या राजाच्या ताटातलं खाऊन विटाळायचं नाही म्हणून त्याने भाजी-पाणी मागितलं, आणि १० दिवसांनी तो नि त्याचे मित्र बाकीच्यांपेक्षा अंगाने भरलेले दिसले. वजन उतरल्याचा पुरावा म्हणून हा दाखला देणाऱ्याला साष्टांग दंडवत.

मान्नाबद्दल फार बोलत नाही, लोकांना त्याचा इतका वीट आला की इजिप्तमधले कांदे, लसूण, काकड्या आठवून रडले, बायबलच्या गणना या पुस्तकात ११ व्या अध्यायात आहे. आणि शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याची, सोय सोडली तर उद्यासाठी साठवलेल्या मान्न्यात किडे पडायचे, कारण मुद्दा रोज देवावर भिस्त ठेवण्याचा होता, इम्युनिटीचा नाही.

राहिला विश्वास आणि गोळ्या. बायबलमधलं २ राजे हे पुस्तक, अध्याय २० काढा. यहूदाचा राजा हिज्कीया मरणाला टेकलेला, देवाने सांगितलं तुला बरं करतो, आणखी १५ वर्षं देतो. एवढा शब्द मिळाल्यावरही यशयाने अंजिरांचा लेप करून गळवावर लावायला लावलाच, खुद्द संदेष्ट्याने! तेव्हा ज्यांनी ज्यांनी गोळी बंद केलीय त्यांनी उद्याच शुगर तपासा आणि डॉक्टरांना फोन करा, आणि ग्रुप ॲडमिननी तो मेसेज काढून टाका.