बारावीला पन्नास टक्के असलेल्यांनी कॉलेजात यायचंच नाही का?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "ज्यांची कुवत नाही त्यांना पदवीला घ्यायचंच कशाला? सुशिक्षित बेकार वाढतात नुसते." यंदा हे आमच्याच स्टाफरूममध्ये, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे अशा सरांच्या तोंडून ऐकलं. मी साताऱ्यात बी.एस्सी.ला केमिस्ट्री शिकवते. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

मेडिकल, इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्या असतात, तिथे मेरिट लिस्ट लागणारच. त्यावर वाद नाही. मी बोलतेय ते साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.बद्दल.

आमच्या जिल्ह्यातल्या माण-खटाव या दुष्काळी तालुक्यांकडच्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजात वर्ष-वर्ष फिजिक्सला शिक्षक मिळत नाही. प्रॅक्टिकल म्हणजे दुसऱ्याचं जर्नल उतरवून काढणं. तिथून पन्नास टक्के घेऊन आलेली मुलगी आणि अकरावीपासून शहरात क्लास लावून पंचाहत्तर मिळवलेला मुलगा, यांना एकाच यादीत वरखाली बसवून आपण कुणाची कुवत मोजतो?

दहिवडीकडची अशीच एक विद्यार्थिनी होती. फर्स्ट इयरला ब्युरेटला, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडायच्या काचेच्या नळीला, हात लावायला घाबरायची, कारण त्याआधी तिने तो फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिला होता. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. पण लॅब सुटल्यावरही थांबायची. टायट्रेशनमध्ये, म्हणजे रंग बदलताच थांबून किती द्रावण लागलं ते मोजायच्या प्रयोगात, बाकीची मुलं घाईघाईत कॉक सोडून फ्लास्क गडद गुलाबी करून टाकायची. ही शेवटी शेवटी एकेक थेंब टाकून, फ्लास्क हलवून, खाली पांढरा कागद धरून बघायची. सेकंड इयरला तिची तिन्ही रीडिंग्ज ०.१ मिलीच्या आत जुळायला लागली. आज ती शिरवळला एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. टक्क्यांची अट असती तर ती आमच्या लॅबच्या दारातही आली नसती. आणि खरं सांगायचं तर अशा मुलींना प्रवेश नाकारला की घरचे दुसरं कॉलेज शोधत नाहीत, स्थळ शोधतात.

ज्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी, आपल्या अण्णांनी, १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, तिथे हे बोलावं लागतंय याचं जास्त वाईट वाटतं. अण्णा स्वतः मॅट्रिकसुद्धा झालेले नव्हते. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. त्यांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत हातात कुदळ घेऊन शिकलेल्या पोरांना आधी टक्के विचारले असते, तर आज आपल्यातल्या किती घरांत पहिला पदवीधर झाला असता?

सरांची तक्रार खोटी नाही. नावापुरता प्रवेश घेऊन दिवसभर अभ्यासिकेत एमपीएससी करणारी मुलं आहेत. थर्ड इयरला येऊनही स्वतःच्या शब्दांत एक पान लिहिता न येणारी आहेत. पण तिथवर त्यांना पोचवलं कुणी? प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे शिक्षक तुटपुंज्या मानधनावर दोन-दोन कॉलेजं सांभाळतात, हजेरी कागदावर भरते आणि इंटर्नलचे मार्क आपण डोळे झाकून वाटतो. कडक व्हायचं तर इथे होऊया. इंटर्नल खरी घ्या, प्रॅक्टिकल न करणाऱ्याचं जर्नल सही करू नका. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. ज्याला झेपत नाही त्याने तो मार्ग घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. पण झेपतंय की नाही हे वर्गात बसल्यावर कळू दे.

आणि पहिले दोन महिने मागे राहिलेल्यांसाठी वेगळे तास हवेतच. मोल म्हणजे काय, लॉग कसा काढायचा, इंग्रजी प्रश्न कसा वाचायचा, इतकं साधं. आम्ही दोघी-तिघी यंदा कॉलेज सुटल्यावर असे तास घेणार आहोत. गणित आणि इंग्रजीला माणसं कमी पडतायत. साताऱ्यातल्या निवृत्त शिक्षकांपैकी, माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाला आठवड्यातून एक तास देता येत असेल तर मला मेसेज करा.