दोन केबल लावल्या म्हणून फाइल डबल स्पीडने कॉपी होत नाही

"नॅसला दोन केबल लावा, स्विचवर दोन पोर्ट एकत्र करा, १ जीबीपीएसचे सरळ २ होतात, स्विच गेला तरी काम थांबत नाही, आणि एलएसीपीच्या भानगडीत पडू नका, स्टॅटिक ठेवा" असा मेसेज खूप फिरतोय. (नॅस म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना वापरता येणारा स्टोरेज बॉक्स, स्विच म्हणजे नेटवर्कच्या केबल जोडणारा डबा. एलएसीपीमध्ये दोन्ही टोकं एकमेकांशी मेसेजने बोलून केबल एकत्र करतात, स्टॅटिकमध्ये तसं काही न बोलता हाताने सेट करतात.) छोटी ऑफिसं, व्हिडिओ एडिटिंगवाले यावर विसंबून पैसे घालतायत, म्हणून लिहितोय.

आधी स्पीड. स्विच पॅकेट्स दोन्ही केबलवर आलटून पालटून टाकत नाही. मॅक (नेटवर्क कार्डचा पत्ता), आयपी, काही स्विचमध्ये पोर्ट नंबर (केबलचा पोर्ट नव्हे, कनेक्शनचा नंबर), यांचा हॅश म्हणजे ठराविक हिशोबाने एक आकडा काढतो आणि हॅशमध्ये जी केबल येईल तिच्यावरच ते कनेक्शन शेवटपर्यंत राहतं. हे मुद्दाम केलंय, केबल एकत्र करण्याच्या २००० सालच्या ८०२.३एडी स्टँडर्डमध्येच अट आहे की एका संवादातल्या फ्रेम्सचा क्रम बिघडता कामा नये, कारण क्रम बिघडला की टीसीपीला (डेटा पूर्ण पोचतोय का बघणारा प्रोटोकॉल) वाटतं पॅकेट हरवलं, तो परत पाठवायला लागतो आणि स्पीड उलट पडतो. त्यामुळे एका पीसीवरून एक मोठी फाइल कॉपी केलीत तर ११० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास, म्हणजे एका गिगाबिट केबलएवढंच मिळणार. मुळात त्या पीसीला गिगाबिटचा एकच पोर्ट असतो, २ येणार कुठून?

फायदा होतो तो चार-पाच जण एकदम नॅसवर काम करत असतील तेव्हा, आणि तेव्हाही दोघंच असतील तर दोघं एकाच केबलवर जायची शक्यता जवळपास निम्मी. अजून एक गोष्ट कोणी सांगतच नाही, प्रत्येक बाजू फक्त स्वतःकडून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचं ठरवते. नॅसवरून डाउनलोड हळू असेल तर हॅश पॉलिसी (हॅश कशावरून काढायचा तो नियम) नॅसवर बदलायची, स्विचवर कितीही खटपट केली तरी काही फरक पडणार नाही. लिनक्स बाँडिंगची (लिनक्समधली केबल एकत्र करायची सोय) डिफॉल्ट पॉलिसी लेअर २ आहे, ती मॅक बघते, आयपी नाही, म्हणजे क्लायंट सगळे राउटरच्या पलीकडे असतील तर नॅसला एकच मॅक दिसतो आणि दुसरी केबल नुसती लटकलेली.

स्विच गेला तरी चालतं हे तर साफ चूक. केबल तुटली, पोर्ट गेला तर चालतं, पण दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये असतील आणि त्याचा पॉवर सप्लाय उडाला तर दोन्ही गेल्या. त्यासाठी स्टॅक किंवा एमलॅगवाले, म्हणजे दोन मिळून एकासारखे वागणारे स्विच लागतात. तेवढं बजेट नसेल तर दोन साधे स्विच एकमेकांना एका केबलने जोडा आणि नॅसची एकेक केबल एकेका स्विचला देऊन ॲक्टिव्ह-बॅकअप मोड लावा (एक केबल चालू, दुसरी राखीव), स्पीड वाढत नाही पण एक स्विच गेला तरी नॅस दिसत राहतो.

स्टॅटिकचा सल्ला मला सगळ्यात धोकादायक वाटतो. मधे मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारा डबा) असेल आणि पलीकडे फायबर तुटली तर अलीकडचा लाइट बरेचदा चालूच राहतो, स्टॅटिक ग्रुप त्या मेलेल्या लिंकवर डेटा टाकत राहतो, काही जणांचं चालतं काही जणांचं अडकतं आणि कारण सापडत नाही. एलएसीपी पलीकडच्याकडून सतत मेसेज घेतं, ते थांबले की लिंक बाहेर काढतं, स्लो मोडमध्ये ९० सेकंदांनी, फास्टमध्ये ३. फास्टच ठेवा.

एकाच पीसीला खरंच जास्त स्पीड हवा असेल तर ते पैसे २.५ किंवा १० गिगाबिटमध्ये घाला. नाहीतर पीसीलाही दोन पोर्ट देऊन एसएमबी मल्टिचॅनल (विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली सोय) वापरा, ते स्वतःच अनेक कनेक्शन उघडतं, त्यासाठी पोर्ट एकत्र करायचेच नसतात. सेटअप आधीच केला असेल तर मोठी कॉपी चालू असताना स्विचचे पोर्ट काउंटर (कुठल्या पोर्टमधून किती डेटा गेला ते आकडे) बघा, कुठली केबल रिकामी आहे ते लगेच कळेल.