मोशन, वोट आणि लाओशी

नवऱ्याच्या चिपच्या नोकरीपायी तैवानात सिंचूला आले आणि रिकामं बसवेना म्हणून बिझनेस इंग्लिशचे वर्ग घ्यायला लागले. विद्यार्थी बहुतेक माझ्याहून मोठे, पण 'लाओशी' म्हणजे बाई म्हणून इतका मान देतात की त्यांची चूक दाखवताना मीच ओशाळते.

परवाचा धडा मीटिंगमधल्या मतदानाचा. फळ्यावर 'मोशन', म्हणजे मीटिंगमधला ठराव, लिहिलं आणि माझ्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रॉलची पुडी उभी राहिली. आपल्याकडे मोशन म्हटल्यावर अनुमोदन कोण देतं? दहीभात देतात! हसू गिळून सांगितलं, मोशन 'सेकंड' करायचं, म्हणजे ठरावाला अनुमोदन द्यायचं असतं. अकाउंट्सच्या मॅडमनी ते वहीत उतरवलं आणि विचारलं, "थर्ड कोण करतं?"

दोन्हीकडची मतं समान पडली तर अध्यक्षांचं ते 'कास्टिंग वोट', एरवी त्यांनी गप्प बसायचं. याचा जातीशी काही संबंध नाही, हे मात्र मला फक्त स्वतःलाच बजावावं लागलं.

खरी गंमत 'वोट'ची. चिनीत मत आणि तिकीट दोन्हींना एकच शब्द, 'प्याओ'. मागच्या बाकावरच्या इंजिनिअरने ठणकावून वाक्य केलं, "मी गावी जायला रेल्वेचं वोट काढलं." इंग्रजी चुकलं, पण तैवान बरोबर होतं. इथे नाव जिथे नोंदलेलं तिथेच जाऊन मत द्यायचं, तेही सकाळी आठ ते दुपारी चारच्या आत. टपालाची सोय नाही. १३ जानेवारी २०२४ला राष्ट्राध्यक्ष निवडायचे होते, तेव्हाही हेच. एक प्याओ टाकायला आधी दुसरं प्याओ काढा!

"लाओशी, तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

"मत. म्हणजे ओपिनियन."

"पेटीत ओपिनियन टाकता? केवढी पेटी लागत असेल!"

इथेच थांबायला हवं होतं. पण मी 'मतदान' फोडून दाखवलं, दान म्हणजे डोनेशन. अकाउंट्सच्या मॅडमनी लगेच मान वर केली. "करात सूट मिळते?"

शेवटी, पुढच्या गुरुवारी परीक्षा घ्यावी का, यावर हात वर करायला सांगितले. इंजिनिअर मोजायला फळ्याशी गेला. इथे मोजणीला आपल्यासारख्या चार उभ्या रेघा आणि एक आडवी काढत नाहीत, पाच रेघांचं एक अख्खं अक्षर काढतात. 'नको'खाली अशी दोन अक्षरं भरली, वर एक रेघ. 'हवी'खाली एकच रेघ, माझी.

मॅडम उठल्या, वही उघडून अध्यक्षांचा नियम वाचून दाखवला आणि डस्टरने माझी रेघ पुसली.