साठ अंशांतलं गुपित

कंपनीतल्या सगळ्यांच्या पगाराची शीट लॅपटॉपवर उघडून मी गोव्यातल्या बसमध्ये बसलो होतो. म्हार्दोळला एक गृहस्थ चढले, शेजारी टेकले, पिशवी मांडीवर घेतली, चष्मा सदऱ्याला पुसला आणि माझी स्क्रीन वाचायला लागले. चोरून नव्हे. सकाळचा पेपर वाचावा तसे, वरून खाली, बोट फिरवत. बाणस्तारीचा पूल आला तेव्हा ते सतराव्या ओळीवर पोचले होते. तिथे बोट थांबलं.

"इतलोच पगार?" आणि मग जणू मीच कापलाय अशा नजरेने, "ताका दोगां भुरगीं आसात मरे!" म्हणजे, त्याला दोन मुलं आहेत रे!

सतराव्या ओळीतला माणूस आमच्या कंपनीच्या गोदामात आहे. हे गृहस्थ त्याच्या बायकोच्या मामाचे व्याही निघाले. यात नवल काही नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या जेमतेम साडेचौदा लाख भरली, त्यातले निम्मे माझ्या आईच्या ओळखीचे आणि उरलेले त्या निम्म्यांचे पाहुणे. मुंबईच्या लोकलमध्ये शेजाऱ्याने तुमचा पगार वाचला तर वाचला, तो तुम्हाला जन्मात पुन्हा भेटत नाही. इथे तो परवाच्या लग्नात तुमच्या पंगतीला असतो.

चार दिवसांनी गोदामवाला पगारवाढ मागायला आला. सोबत शीटमधल्या आपल्या वरच्या दोन ओळींतले आकडेही घेऊन आला, दशांशासकट. साहेबांनी मला आत बोलावलं. "बसमध्ये काम करू नको" असं ते म्हणतील या आशेवर मी होतो. ते म्हणाले, "प्रायव्हसी फिल्टर लाव." म्हणजे शेजारच्याला दिसू नये म्हणून स्क्रीनवर लावायचं पातळ आवरण.

पणजीतल्या एका दुकानात गेलो. "किती इंची?" "चौदा." त्याने चौदा दिला, मी पैसे दिले. दोघांचंही चुकलं नव्हतं, तरी फिल्टर बसला नाही. चौदा इंच हे माप तिरपं असतं, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. दोन माणसांचं वजन सारखं म्हणून एकाचा सदरा दुसऱ्याला होतो असं थोडंच आहे? जुन्या पद्धतीचा पडदा सोळाला नऊ या प्रमाणात, माझा सोळाला दहा. त्यामुळे फिल्टर रुंदीला आठेक मिलिमीटर जास्त आणि उंचीला चौदा मिलिमीटर कमी. बाजूंनी चौकटीवर चढला आणि खाली बोटभर पट्टी उघडी राहिली.

आता एक्सेलमध्ये अगदी खाली काय असतं? शीटची नावं. टास्कबार आणि स्टेटस बार मी लपवून ठेवतो, त्यामुळे तळाला तीच. तीन दिवस मी अशा अवस्थेत प्रवास केला की आकडे सगळे काळोखात आणि खाली ठळक अक्षरांत "कपात", "नोटीस द्यायचे", "बोनस रद्द". आकडे दिसत होते तेव्हा निदान माणसं खात्री करून घेत. आता नुसत्या मथळ्यांवर बातमी पसरली.

दुकानदाराने पाकीट फोडलेला माल परत घेतला नाही. दुसरा ऑनलाइन मागवायचा ठरवला आणि आईची शिवणाची टेप घेतली. पहिल्यांदा भोवतालची काळी कडही मापात धरली. दुसऱ्यांदा टेप उलटी, इंचांच्या बाजूने. तिसऱ्यांदा फक्त उजेड असलेला भाग मोजला, सेंटिमीटरमध्ये, रुंदी वेगळी आणि उंची वेगळी. एवढंच करायचं असतं. दुकानात ते कुणी विचारत नाही.

नवा फिल्टर पंधरा दिवसांनी आला. सोबत नखाएवढे आठ चिकट तुकडे. ते कडेला लावायचे आणि फिल्टर त्यांच्या मागे सरकवायचा. एक तुकडा माझ्या अंगठ्याला चिकटला, तो रात्री जेवताना भाताबरोबर निघाला. फिल्टरची एक बाजू चकचकीत, एक मंद. चकचकीत बाजू पुढे ठेवली तर पगारपत्रकावर माझंच तोंड दिसतं, आणि महिनाअखेरीला ते बघवत नाही. मंद बाजू ठेवली. मग उजेड इतका कमी झाला की ब्राइटनेस शंभरावर न्यावा लागला. बॅटरी पूर्वी पणजीहून घरी येईपर्यंत टिकायची, ती आता जुनें गोवें आलं की माना टाकते.

एक मात्र कबूल करायला हवं, वस्तू हुशार आहे. त्या पातळ आवरणात डोळ्यांना न दिसणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात, खिडकीच्या उभ्या पट्ट्यांच्या पडद्यासारख्या. समोरून बघाल तर फटींतून दिसतं. डावीकडे तीस अंश, उजवीकडे तीस, असा साधारण साठ अंशांचा उजेड. त्यापलीकडे मिट्ट काळोख. आमच्या आजोळच्या घराला शिंपल्यांच्या खिडक्या होत्या. काचेच्या जागी पातळ शिंपले, एकेक चौकटीत अडकवलेले. उजेड दुधासारखा आत यायचा आणि रस्त्यावरच्याला आतलं काही दिसायचं नाही. म्हणजे हा शोध आपल्याकडे जुनाच. फक्त तेव्हा त्याची बॅटरी खर्च होत नसे.

बसमध्ये पहिल्या दिवशी शेजारच्याने हळहळून विचारलं, "लॅपटॉप पाड जालो?" बिघडला का? नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही. तो माझ्याकडे झुकला, आणखी झुकला, त्याच्या तेलाचा वास मला येऊ लागला, आणि एका विशिष्ट अंशाला त्याच्या तोंडावर निळा उजेड पडला. "जळटा!" म्हणजे चालू आहे, असं तो ओरडला. मागे झाला तर काळोख. पुन्हा झुकला. "जळटा रे!" मग त्याने पलीकडच्या बाकावरच्याला बोलावून घेतलं. दोघे आळीपाळीने माझ्या खांद्यावर डोकं टेकत रायबंदरपर्यंत आले. माझा खांदा इतक्या प्रेमाने कुणी वापरला नव्हता.

आणि कंडक्टर? तो उभा, बरोबर माझ्या मागे. उभ्या पट्ट्या बाजूच्याला अडवतात, ठीक मागून वाकलेल्याला नाही. "फुडें वच, फुडें" असं गर्दीला सांगता सांगता त्याने माझ्या डोक्यावरून शीट निवांत वाचली आणि सुट्टे पैसे परत देताना हळूच विचारलं, "वाडयलो मू पगार ताचो?" वाढवला ना त्याचा पगार? सतराव्या ओळीचं प्रकरण तोवर डेपोपर्यंत गेलं होतं.

पण खरा घोटाळा घरी झाला. आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करतो. आई झोपाळ्यावर बसते, माझ्या डाव्या हाताला, साठ अंशांच्या साफ बाहेर. तिथून लॅपटॉप बंद दिसतो. म्हणजे तिच्या नजरेने, मुलगा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बंद लॅपटॉपपुढे बसतो आणि संध्याकाळपर्यंत त्याची बटणं बडवतो.

पहिल्या दिवशी तिने फक्त नारळ सोलायला सांगितले. "तू रिकामाच आहेस ना." दुसऱ्या दिवशी गप्प होती. नंतर कळलं, देवळात जाऊन कौल लावून आली होती, पाकळी उजवी पडली. त्याच रात्री फोंड्याहून मावशीचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "नोकऱ्या काय, जातात येतात. काकांच्या ओळखीने बघू कुठेतरी." पोदेर सकाळी पाव देताना म्हणाला, पैसे महिन्याअखेरीला दिलेत तरी चालेल. मला वाटलं, माणूस सुधारला.

शुक्रवारी व्हिडिओ मीटिंग होती. साहेब, आणखी चौघे आणि मी. कानात इअरफोन. साहेब म्हणाले, शीट दाखव. मी शीट सगळ्यांसमोर ठेवली आणि आई हातात पेजेची वाटी घेऊन आली. (आमच्याकडे बोलणं कोंकणीतून आणि वाचणं मराठीतून. तिचं बोलणं मराठी करून लिहितो, कोंकणीत ते जास्त लागलं होतं.)

"काढलं तर काढलं," ती मोठ्याने म्हणाली. "त्या तुझ्या साहेबाला माणसांची पारख नाही. पण असं बंद यंत्रापुढे बसून डोक्यावर परिणाम करून घेऊ नको."

कॅमेऱ्यावर फिल्टर नसतो. चौघांनी एकदम माना खाली घातल्या. साहेबांनी चष्मा काढला.

"आई, चालू आहे ते!"

"कुठे चालू?" म्हणत ती पेज ठेवायला माझ्या पाठीमागे आली आणि थबकली. बरोबर मधोमध, कंडक्टरच्या जागी. आधी तिला साहेब दिसले. तिने पदर सारखा केला. मग शीट दिसली. चष्मा डोळ्यांवर होताच. ती वाचायला लागली, वरून खाली, बोट फिरवत. सतराव्या ओळीवर ती थांबली नाही. तेविसाव्या ओळीवर थांबली. तिथे माझं नाव आहे.

"हा आकडा," तिने स्क्रीनवर बोट टेकवून विचारलं, "तू मला सांगतोस तो नव्हे रे?"