प्रवेशासाठी घरची भाषा बंद करू नका

फोनवरून एक मेसेज फिरतोय: ‘द्विभाषिक इंटरनॅशनल शाळेत हमखास प्रवेश’. त्यात सहा सूचना आहेत. अर्ज करायच्या वर्षभर आधीपासून घरात फक्त शाळेची भाषा बोला. दोन भाषा एकदम कानावर पडल्या की मूल गोंधळतं, उशिरा बोलतं. मुलाखतीची उत्तरं पाठ करून घ्या. मुलाची कुठलीही अडचण फॉर्मात लिहू नका. अर्ज जितका आधी भराल तितका वेटिंग लिस्टमध्ये नंबर वर. आणि एकदा आत गेलं की सहा महिन्यांत मूल दोन्ही भाषांत तयार.

अशा शाळेच्या प्रवेशाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. या सूचना पाळून आलेली मुलं माझ्यासमोर बसतात. त्यांचे हाल बघवत नाहीत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

घरची भाषा बंद करा, ही पहिली सूचना सगळ्यात घातक. फॉर्मात विचारलेलं असतं: आई मुलाशी कुठल्या भाषेत बोलते, वडील कुठल्या, भावंडं आपसात कुठल्या, मूल वाचतं कशात. पालकांना वाटतं ही चाळणी आहे. घरची भाषा लिहिली की मूल बाद. पण या उत्तरांवरून शाळा वर्गाची आखणी करते, कुणाला भाषेचे जादा तास द्यावे लागतील ते ठरवते. तिथे खोटं लिहिलं की मुलाला मिळायची मदत मिळत नाही.

भाषा बदलली की घरात काय होतं तेही बघा. ज्या भाषेत आईवडील स्वतः अडखळतात, त्या भाषेत मुलाशी बोलायचं म्हटलं की बोलणं आटतं. ‘बूट घाल’, ‘दूध संपव’, ‘लवकर चल’ एवढं उरतं. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, आजोबा आज गप्प का आहेत, रात्री स्वप्नात काय आलं, या गप्पा बंद पडतात. शाळेत उपयोगी पडतात त्या याच गप्पा. कारण सांगणं, तुलना करणं, घडलेलं क्रमाने सांगणं हे मूल एका भाषेत शिकलं की दुसऱ्या भाषेत ते पहिल्यापासून शिकावं लागत नाही. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच मांडत आले आहेत.

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात शाळेची भाषा डच. तिथे भाषेच्या अभ्यासक ॲनिक डी हाउवर यांनी १,८९९ कुटुंबांची पाहणी केली. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. या घरांत आईवडिलांपैकी निदान एक जण डचव्यतिरिक्त दुसरी भाषा बोलत होता. मुलं डच बोलत होतीच. घरची ती दुसरी भाषा मात्र जवळपास पाव घरांतली मुलं बोलत नव्हती. शाळेची आणि रस्त्यावरची भाषा मूल उचलतं. निसटते ती घरची.

ज्या ‘इंटरनॅशनल’ शब्दाचा धाक दाखवला जातो, त्या शिक्षणाची रचनाही या सूचनेच्या उलट आहे. युरोपातल्या देशांनी मिळून चालवलेल्या ‘युरोपियन स्कूल्स’ या शाळांपैकी पहिली १९५३ मध्ये लक्झेंबर्गला सुरू झाली. तिथे मुलाची मातृभाषा हीच पहिली भाषा मानतात आणि दुसरी भाषा पहिलीपासून तिच्या जोडीला येते. १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या संस्थेच्या डिप्लोमात विषयांचे सहा गट आहेत, त्यातले पहिले दोन भाषांचे. एखाद्या विद्यार्थ्याच्या भाषेला शाळेत शिक्षक नसेल, तर शाळेच्या देखरेखीखाली त्या भाषेतलं साहित्य त्याने स्वतः अभ्यासायची सोयही त्यात आहे. पाचव्या वर्षी फॉर्मापायी घालवलेली भाषा सोळाव्या वर्षी विषय म्हणून घेता आली असती, हे पालकांच्या फार उशिरा लक्षात येतं.

दुसरा मुद्दा, गोंधळाचा. ही भीती जुनी आहे. सुरुवातीच्या पाहण्यांत गरीब स्थलांतरितांच्या मुलांची तुलना सुस्थितीतल्या एकभाषिक मुलांशी केली जायची, आणि दोष भाषेच्या माथी यायचा. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट या संशोधकांनी १९६२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या दहा वर्षांच्या मुलांची तुलना करताना आर्थिक स्तर सारखा ठेवला, तेव्हा द्विभाषिक मुलं मागे तर नव्हतीच, उलट पुढे होती. दोन भाषांचे शब्द एका वाक्यात मिसळणं हा गोंधळ नव्हे. मुलाला येणारे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. मूल कुठल्याच भाषेत बोलत नसेल तर मात्र भाषेला दोष देत थांबू नका, आधी कान तपासून घ्या.

आता मुलाखत. एक पाच वर्षांची मुलगी माझ्यासमोर बसली होती. मी नाव विचारलं. तिने नाव सांगितलं आणि त्याच दमात आवडता रंग, आवडता प्राणी, मोठेपणी कोण होणार तेही सांगून टाकलं. मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. मग ‘इथे येताना वाटेत काय दिसलं?’ असं विचारलं, तर तिचे ओठ हलले, आवाज फुटेना. तिने दाराकडे पाहिलं. दारामागे आई होती.

मी प्रश्न थांबवले आणि खेळण्यातल्या जनावरांची टोपली पुढे सरकवली. तिने तीन पायांचा घोडा निवडला. तो उभा राहीना. दोनदा पडला, तशी तिने टेबलावरचा कागदी रुमाल घेतला, त्याची घडी घालून तुटक्या पायाच्या जागी लावली, घोडा हळूच ठोकळ्याला टेकवला आणि त्याच्याशी आपल्या घरच्या भाषेत बोलायला लागली. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण ती घोड्याला समजावतेय, मधेच विचारतेय, त्याचं उत्तर ऐकून मान हलवतेय, हे दिसत होतं. माझ्या कागदावरच्या सगळ्या नोंदी त्या पाच मिनिटांतल्या आहेत. पाठ केलेल्या उत्तरांतून मला काही कळलं नव्हतं, मूल घाबरलेलं आहे एवढं सोडून.

लहान मुलांच्या बाबतीत बघतात ते हेच: मूल खेळात रमतं का, अडलं तर काय करतं, पालक दूर गेल्यावर किती वेळाने सावरतं. मोठ्या मुलांना लेखी चाचणी असते, पण तिथेही घोकंपट्टी लगेच उघडी पडते.

चौथ्या सूचनेमागची भीती मी समजू शकते. वाचाउपचार चालू आहेत, वाचताना अक्षरं अडतात, आधीच्या शाळेत वेगळी मदत मिळत होती, हे लिहिलं तर नकार येईल असं वाटतं. कधीकधी येतोही. शाळेकडे त्यासाठी शिक्षक नसतील तर त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे, आणि गोडगोड बोलून टाळणाऱ्या शाळांवर माझा राग आहे. पण लपवून काय साधतं? मागची प्रगतिपुस्तकं बहुतेक शाळा मागतात, आणि आधीच्या वर्गशिक्षकांचं गोपनीय पत्र थेट शाळेकडे मागवतात. फॉर्मात एक आणि पत्रात दुसरंच असलं की अडचण बाजूला राहते आणि विश्वास जातो. माहिती दडवली तर प्रवेश रद्द होऊ शकतो, असं कलम करारात अनेकदा असतं. सही करण्याआधी ते वाचा. वर्षाच्या मध्यावर शाळा सोडावी लागण्यापेक्षा आधीच मिळालेला नकार मुलाला कमी दुखावतो.

वेटिंग लिस्टचा मुद्दा अर्धा खरा. मुदतीत अर्ज करायलाच हवा. पण ही तिकिटाची रांग नाही. भावंडांना अग्रक्रम असतो, वयाची अट असते, आणि द्विभाषिक वर्गात दोन्ही भाषांची मुलं तोलून घ्यावी लागतात. अमेरिकेत मायामीतल्या कोरल वे शाळेने १९६३ मध्ये द्विभाषिक वर्ग सुरू केले तेव्हा इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणारी मुलं मुद्दाम एकत्र घेतली होती, एकमेकांची भाषा एकमेकांकडून यावी म्हणून. अशा वर्गात तुमच्या मुलाच्या भाषेची जागा आधी रिकामी झाली तर मागचा नंबरही पुढे येतो. इथेसुद्धा फॉर्मातली भाषा खरी असणं तुमच्याच फायद्याचं.

राहिले सहा महिने. कमिन्स यांच्या मांडणीप्रमाणे मैदानावरची बोली यायला साधारण दोन वर्षं, आणि विज्ञानाचा धडा त्या भाषेत समजून लिहिता येण्याइतकी तयारी व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. सुरुवातीचे काही महिने अनेक मुलं नव्या भाषेत तोंडच उघडत नाहीत, नुसती ऐकतात. सहा महिन्यांचं आश्वासन ऐकलेले पालक याच काळात घाबरतात आणि शिकवण्या लावतात. शाळा बघायला जाल तेव्हा विचारा: आठवड्यातले किती तास कुठल्या भाषेत? गणित कुठल्या भाषेत? जादा मदतीचे पैसे वेगळे पडतात का? चौथीत नव्याने आलेलं मूल दुसऱ्या भाषेच्या तासाला कुठे बसतं, आणि त्याच्याजवळ कोण बसतं? शक्य असेल तर तो तास चालू असताना वर्गाच्या मागे दहा मिनिटं बसू देता का, हेही विचारा.