टायरचे केस

"मागचा टायर गोटा झालाय," असं मेकॅनिक म्हणाला तेव्हा त्याची नजर टायरवर नव्हती, माझ्या डोक्यावर होती. मी मुकाट्याने हेल्मेट चढवलं. मग तो उकिडवा बसला आणि टायरच्या कडेवरची 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं त्याने मला दाखवली. त्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा बारकासा उंचवटा असतो. झीज त्याच्या पातळीला आली की टायर संपला. माझ्या टायरला उंचवटा सापडेना, कारण खाचच उरली नव्हती.

"टायर आणून ठेवा, सोमवारी लावून देतो," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, सोमवार कशाला? आपण काय कमी आहोत? (मी हिशेब खात्यात आहे.)

टायर घ्यायला गेलो तर दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "साइज?" मी हातांनी गोल करून दाखवला. त्याने माझ्याच गाडीकडे बोट केलं. जुन्या टायरवर लिहिलं होतं १००/९०-१७ ५५पी. आजवर मी त्याला गाडीचा रक्तदाब समजत होतो. तर १०० म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. १७ म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. एका ओळीत तीन मापं! आमच्याकडे कुणी असा ताळेबंद मांडला असता तर त्याला घरी बसवला असता. पुढचा ५५ म्हणजे टायर २१८ किलो पेलतो, आणि 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत चालतो. पहिल्या आकड्याने धीर आला. दुसऱ्याचा आमच्या गाडीशी संबंध येण्याची शक्यता नाही.

"एकदम ताजा माल," असं म्हणत त्याने एक टायर पुढे सरकवला. मी नुकताच विद्वान झालो होतो, त्यामुळे कडेवरच्या लंबगोलातले चार आकडे वाचले : २२१८. म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. हा ताजा माल पडून पडून कडक झाला होता. मी तारीख मोठ्याने वाचल्यावर दुकानदार गप्प झाला आणि आतून दुसरा घेऊन आला. आयुष्यात दुकानात जिंकलेली ही माझी एकमेव लढाई, म्हणून एवढी सविस्तर सांगितली.

नवा टायर दिसायला देखणा होता. काळाभोर, आणि अंगभर रबराचे बारीक बारीक केस. साच्यातली हवा बाहेर जायला भोकं ठेवतात, त्यांत रबर शिरून हे केस तयार होतात म्हणे. मी त्यावरून हात फिरवत घरी आलो. जरा हेवाच वाटला.

रविवारी सकाळी अंगणात बसलो. दोन टामी (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), साबणाचं पाणी, नवी ट्यूब, आणि मुलीच्या हातात मोबाइल. त्यात एक गृहस्थ सहा मिनिटांत टायर बदलून दाखवत होते. चाक काढण्यातच माझा तास गेला. ते सोडून देऊ. खरं युद्ध पुढे होतं.

जुना टायर निघता निघेना. डनलॉपने १८८८ साली पोराच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, तो पेशाने पशुवैद्य होता, हे मला तेव्हा पटलं. अडलेल्या म्हशीशी झटापट केल्याशिवाय माणसाला अशी वस्तू सुचणारच नाही. मी जितका जोर लावावा तितका टायर जास्त घट्ट. टामी निसटून नडगीवर बसली. तेव्हा तोंडून जे निघालं ते ऐकून मुलीने मोबाइलचा आवाज वाढवला.

"बाबा, ते काका तर हसत हसत लावतायत."

"त्यांचा टायर मऊ आहे."

"ते म्हणतायत, समोरची कड गुडघ्याने दाबा."

हेच ते इंगित. रिमला मध्ये खोलगट पन्हळ असते. समोरच्या बाजूची कड त्या पन्हळीत दाबून धरली, तरच इकडच्या कडेला ढिलाई मिळते. मी तासभर एका बाजूने ओढत होतो आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच हटून बसलो होतो. गुडघा ठेवल्याबरोबर टायर शहाण्यासारखा बाहेर आला.

नवा चढवताना कडेवरचा बाण बघितला. चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं, तीच बाणाची दिशा हवी. तो दोनदा तपासला, मुलीकडून तिसऱ्यांदा तपासून घेतला. ट्यूबमध्ये मात्र आधी थोडी हवा भरायची असते, म्हणजे ती चुरगळत नाही, ते राहिलं. शेवटचा वीतभर भाग टामीने आत ढकलला आणि आतून फुस्स असा क्षीण सुस्कारा आला. नवी ट्यूब टामीखाली चिमटली होती. मी ती काढून उजेडात धरली. एका शेजारी एक, दोन भोकं. साप चावल्यासारखी.

दुसरी ट्यूब आणली. पहिली चूक सोडून बाकी सगळ्या परत केल्या, तरी बसली. हवा भरताना टायरची कड टप् टप् करत जागेवर बसली तेव्हा आम्ही बापलेकींनी टाळ्या वाजवल्या. मग चेनचा ताण, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या, ब्रेकची दांडी. दिवेलागण झाली होती.

नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर बेताने चालवायची आणि वळणावर फार झुकवायची नाही. मी इतक्या बेताने चालवली की एका सायकलस्वाराने ओलांडून जाताना "पेट्रोल संपलं का?" असं आपुलकीने विचारलं.

आठवड्याने मेकॅनिककडे गेलो, मुद्दाम दाखवायला. तो पुन्हा उकिडवा बसला, चाक फिरवलं, बाण बघितला, मान डोलावली. मग टायरवरून हात फिरवला आणि वर माझ्याकडे बघितलं. मधले केस सगळे झिजून गेले होते. कडेचे तेवढे राहिले होते, कानांवर असतात तसे.

मी हेल्मेट घातलं.