कादंबरी आणि चित्रपट: तुलना म्हणजे वजाबाकी नव्हे

एम.ए. मराठीच्या शोधप्रकल्पांत कादंबरी आणि तिच्यावरील चित्रपट यांची तुलना हा विषय सोलापुरातील विद्यार्थी अलीकडे आवडीने निवडतात, आणि एक शिक्षक म्हणून मला त्याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र बहुतेक प्रकल्प एकाच साच्यातून येतात. आधी लेखकाचा परिचय, मग दिग्दर्शकाचा, मग दोन्हींची कथानके आणि अखेरीस साम्यभेदांचा तक्ता. त्यात अमुक पात्र गाळले, तमुक प्रसंग बदलला अशा नोंदी करून ‘दिग्दर्शकाने मूळ कलाकृतीला न्याय दिला आहे’ असा निष्कर्ष काढलेला असतो. ही वजाबाकी आहे. तिला संशोधन म्हणता येणार नाही.

गोष्ट कोण सांगतो आहे, या प्रश्नापासून सुरुवात करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. ती राजाराम सौंदणीकर हा तरुण मास्तर स्वतः सांगतो, त्यामुळे धनगरांची ती वस्ती, तिथला कारभारी, आनंदा रामोशी ही सगळी माणसे आपल्याला त्याच्या समजुतीइतकीच समजतात. कारभाऱ्याची मुलगी अंजी हिच्या चोळीवरून त्याच्या मनात संशय येतो, तेव्हा मास्तरांची घालमेल आपण आतून अनुभवतो. अमोल पालेकरांच्या १९९५ च्या चित्रपटात मास्तर स्वतःच पडद्यावर उभे आहेत. कॅमेरा त्यांनाही वस्तीतल्या इतर माणसांसारखेच बाहेरून पाहतो. मग निवेदकाच्या ‘मी’चे काय झाले? नटाचा चेहरा, मोकळा माळ, शांतता यांपैकी कशाने ती जागा भरली आणि कुठे ती रिकामीच राहिली? एवढ्या एका प्रश्नावर पूर्ण प्रकरण उभे राहू शकते.

दुसरा प्रश्न काळाचा. माडगूळकर माणदेशातलेच, कादंबरीतला संस्थानी काळ त्यांच्या आठवणीतला; चाळीस वर्षांनंतर चित्रपटाला तोच काळ नव्याने उभारावा लागला. सांगोल्याकडून येणाऱ्या विद्यार्थ्याला कादंबरीतला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. त्याने तो आपल्या निरीक्षणासह लिहावा, आणि मार्गदर्शकांनी ते ‘व्यक्तिगत’ म्हणून कापू नये.

‘मूळ कलाकृतीशी प्रामाणिक’ ही कसोटी किती अपुरी आहे, हे ‘सिंहासन’ (१९७९) पाहिल्यावर लक्षात येते. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी (त्यांचे शालेय जीवन आपल्या सोलापुरातले) चित्रपट केला. इथे प्रामाणिक राहायचे ते कोणत्या मूळाशी? दोन कथानके कुठे आणि कशासाठी जोडली गेली, याचाच शोध घ्यावा लागतो.

आणखी एक साधी अपेक्षा आहे. कादंबरीतील उताऱ्याला जसा पृष्ठक्रमांक देतो, तसा चित्रपटातील प्रसंगाला मिनिट आणि सेकंद द्यावा. यूट्यूबवरील परीक्षणाच्या आधारे चित्रपटावर लिहिलेले परीक्षकाला लगेच कळते.

या वर्षी ‘बनगरवाडी’ निवडलेल्यांनी वस्तीतल्या शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतःला जुंपून घेते, एवढा एकच प्रसंग आधी कादंबरीत सावकाश वाचावा. मास्तर तो किती वाक्यांत सांगतात, कुठे थांबतात, स्वतःची प्रतिक्रिया किती राखून ठेवतात, हे लिहून काढावे. चित्रपट त्यानंतर लावावा आणि त्याने या प्रसंगाचे काय केले आहे ते पाहावे. तक्ता करायचाच असेल, तर तो या नोंदी झाल्यावर करावा.